एकोणीस दारं

चौथ्या मजल्यावरच्या शिवणबाईंचं दार मंगळवारी सकाळी पुन्हा अडकलं. बाई कचऱ्याची बादली ठेवायला जिन्यात आल्या होत्या. त्यांनी दार मागे ओढून घेतलं ते घट्ट बसलं, आणि आत गॅसवर दूध. दोन शेजाऱ्यांनी खांदे लावून दार उघडेपर्यंत दूध उतू जाऊन पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. म्हणून गुण्यामिस्त्रींना बोलावणं गेलं.

मिस्त्रींच्या कमरेला कायम लोखंडी गुण्या लटकलेला असे. काटकोन तपासायचं साधं हत्यार ते; पण पस्तीस वर्षांत ते कमरेवरून हललं नव्हतं, म्हणून सगळ्या गल्लीत त्यांना हेच नाव पडलं होतं. खरं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा कागदावर लिहिताना आठवावं लागे.

"मिस्त्री, खरं सांगा," तोंडातल्या टाचण्या काढत शिवणबाई म्हणाल्या, "दार फुगलंय की मी?"

"कुणीच नाही," मिस्त्री हसले. "एवढ्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं बाई, फुगत नाही."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच ते वाक्य खटकलं. लाकूड फुगत नाही, तर दार अडकतं कशाला? दोनच महिन्यांपूर्वी याच दाराला त्यांनी रंधा मारला होता. तेव्हाही हाच कोपरा घासत होता. वरचा, रस्त्याच्या अंगाचा. आणि खाली त्याच्या बरोबर समोरचा, जिन्याच्या अंगाचा. त्यांनी टेप काढला आणि चौकट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. दोन्ही मापं सारखी यायला हवीत, हे सुताराच्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. इथे बोटभर फरक होता.

दार सरळ होतं. वाकडी झाली होती ती चौकट. आणि चौकट भिंतीत बसलेली, भिंत बीमवर, बीम खांबावर.

मिस्त्रींनी रंधा मारला, दार मोकळं केलं, बाईंनी दिलेला चहा घेतला. मग खाली न उतरता ते वर निघाले.

सातव्या मजल्यावर त्यांची मुलगी दिली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. इस्पितळात परिचारिका होती. बोलणं थोडं, काम चोख. तिचे सासरे निवृत्त हेडमास्तर आणि या अकरा मजली इमारतीचे सेक्रेटरी. त्यांच्या मुलाने सुताराची मुलगी पसंत केली, तेव्हा मिस्त्रींना वाटलं होतं की आता अपमान होणार. पण हेडमास्तर स्वतः मिस्त्रींच्या दोन खोल्यांत आले, त्यांच्या सतरंजीवर बसले, काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मिस्त्रींची मान त्यांच्यापुढे वर झाली नव्हती. व्याही झाले तरी हेडमास्तर त्यांना 'मिस्त्री'च म्हणत आणि मिस्त्रींना त्यात काही वावगं वाटत नसे.

दार विहीणबाईंनी उघडलं. "दादा! या या. बरे आलात. आमचंही न्हाणीचं दार घासायला लागलंय. मी म्हटलं, दादांना सांगायचं, तर हे म्हणतात, त्यांना सारखं काय बोलवायचं."

मिस्त्रींनी न्हाणीचं दार पाहिलं. वरचा कोपरा, रस्त्याच्या अंगाचा. चिमणीच्या खोलीचं दार पाहिलं. तोच कोपरा. नवव्या मजल्यावर एका ओळखीच्या घरी जाऊन पाहिलं. तोच.

एक दार बिघडतं ते दाराच्या दोषाने. चौथ्यापासून नवव्यापर्यंत सगळी दारं एकाच कोपऱ्यात रुसतात, तेव्हा त्या अंगाला खाली काहीतरी सरकत असतं.

त्या अंगाला तळमजल्यावर बुटांचं दुकान होतं. मालकाने शेजारचे दोन गाळे घेऊन, मधली भिंत पाडून, वर्षभरापूर्वी ते थाटात वाढवलं होतं. जिकडेतिकडे आरसे. मधोमध एक खांब होता, त्यालाही जमिनीपासून छतापर्यंत चारी बाजूंनी आरसे. एक आरसा मधोमध उभा तडकलेला होता.

"या मिस्त्री," बूटवाला म्हणाला. "पाहिलंत? तिसरा आरसा हा. काच हल्ली काही धड मिळत नाही."

मिस्त्रींनी तडकलेल्या आरशाला बोटाच्या पेराने टकटक केलं. मग विचारलं, "शेठ, हा खांब आधी एवढाच होता?"

बूटवाल्याने एकदम त्यांच्याकडे पाहिलं. "खांब काय, खांब आहे. मध्येच येत होता, जरा तासून घेतला. आतलं काँक्रीट तसंच आहे. माणूस जाणकार होता."

इमारतीच्या मागे, गाड्या लावतात तिथे, याच मापाचे खांब उघडे होते. मिस्त्रींनी जाऊन टेप लावला. दोन फूट. दुकानातला, आरशांसकट, जेमतेम फूटभर.

*

संध्याकाळी ते हेडमास्तरांपुढे उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. जे पाहिलं ते सांगितलं. हेडमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हाताखालून गेलेली किती मुलं आजही रस्त्यात त्यांच्या पाया पडत.

"मिस्त्री," पहिलीतल्या मुलाला समजवावं तसं ते म्हणाले, "तुम्ही दारं करता. इमारती इंजिनीअर करतात."

"हो मास्तर. पण चौकट–"

"मागच्याच वर्षी तपासणी झाली आहे. सही-शिक्क्याचा कागद कपाटात आहे. दाखवू?"

"ते आले होते पाहायला?"

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. इंजिनीअर पाहायला आला नव्हता. कागद त्याच्या कचेरीत जाऊन आणला होता. सगळ्या इमारती तसाच आणतात. "त्याच्या सहीवर आपण शंका घ्यायची? आणि बूटवाल्याकडे मी कुठल्या तोंडाने जाऊ? बंद पडलेली लिफ्ट त्याने नवी करून दिली. दोन बिऱ्हाडं घर विकायला काढून बसली आहेत. असला बोभाटा झाला तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपण घरची माणसं. घरच्यांनी लक्तरं वेशीवर टांगायची नसतात."

'घरची माणसं' हे शब्द हेडमास्तरांच्या तोंडून मिस्त्री पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी मान डोलावली आणि ते घरी आले.

भीड ही भिकेची बहीण, असं आपण म्हणतो आणि हसून सोडून देतो. पण आपल्या घराघरांतून ती कशी पाटावर बसवून वाढलेली असते पाहा. सेक्रेटरीला दुकानदाराची भीड, इंजिनीअरला सेक्रेटरीची, बिऱ्हाडकरूंना एकमेकांची, आणि मुलीच्या बापाला सगळ्यांचीच. कुणी खोटं बोलत नाही. जो तो फक्त गप्प बसतो.

घरी मिस्त्रींच्या बायकोने सगळं काढून घेतलं. ती शांतपणे ऐकणारी बाई नव्हती.

"मग तुम्ही पुढे बोलला का नाहीत?"

"मुलीच्या सासरी जाऊन काय तोंड उघडू?"

"मुलगी तिथे राहते म्हणूनच उघडा ना!"

मिस्त्री जेवणावरून उठले. त्यांना आपला थोरला भाऊ आठवत होता. मिस्त्री बावीस वर्षांचे असताना दोघे भाऊ एका टोलेजंग इमारतीवर सेंट्रिंगच्या कामाला होते. काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचे साचे उभारायचे, खाली टेकू द्यायचे आणि काँक्रीट घट्ट झालं की काढायचे. थोरला मुकादम होता. थंडीचे दिवस होते, स्लॅब कच्चा होता. त्याने खिळा ठोकून पाहिला तर खिळा आत जात होता. ठेकेदार म्हणाला, टेकू काढा, वरच्या मजल्याला हवेत. भावाने एकदा 'कच्चं आहे' म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. सहा स्लॅब एकावर एक येऊन पडले, वह्यांच्या गठ्ठ्यासारखे. भाऊ सगळ्यांत खालच्या दोन वह्यांमध्ये होता.

दुसरी पडलेली इमारत त्यांनी पाहिली ती नदीकाठची. शेजारच्या जागेत तळघरासाठी खोल खड्डा खणला, पायाखालची माती त्यात घसरली, आणि नऊ मजले झाड उन्मळावं तसे कुशीवर आडवे झाले. खिडक्यांच्या काचासुद्धा कितीतरी शाबूत होत्या. अडकलेल्या चौकटी कापायला सुतार हवे होते म्हणून मिस्त्री गेले होते. तिथला माळी रडत सांगत होता, कुंपणाच्या कडेने जमीन फाटत होती, महिनाभर मी त्या फटीत माती भरत होतो.

हे सगळं आठवत होतं, तरी दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर गेले. त्यानंतरचे सात आठवडे तेच चाललं. कुणाचं दार अडकलं की हेडमास्तर फोन करत आणि मिस्त्री जात. घासणारा कोपरा पाहत, रंधा मारत, ढलप्या गोळा करून पिशवीत भरत. लोक म्हणत, मिस्त्रींच्या हाताला जादू आहे. शिवणबाईंचं दार तिसऱ्यांदा रंधलं. अशी एकोणीस दारं झाली.

*

आठव्या आठवड्यात एके दिवशी अकराच्या सुमाराला फोन आला. "मिस्त्री, जरा लवकर या. सुनेच्या खोलीचं दार उघडत नाही. रात्रपाळी करून आली, आत झोपली आहे."

मिस्त्री सायकलवर टांग टाकून निघाले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसली होती. दुकानात गिऱ्हाईक होतं. बूटवाल्याचा नोकर काउंटरवरची पांढरी भुकटी फडक्याने पुसत होता, आणि पुसून होईस्तोवर ती पुन्हा पडत होती. मिस्त्री दारात थबकले. आतून, आरशांच्या मागून, आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा. टक्. सुकं लाकूड फुटतं तसा. पण तिथे लाकूड नव्हतं.

जिना चढताना तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीत तिरकी भेग होती. त्यांनी पटाशीचं पातं लावून पाहिलं. मुठीपर्यंत आत गेलं.

चिमणीच्या खोलीचं दार दहा दिवसांपूर्वीच त्यांनी सैल करून दिलं होतं. आता ते चौकटीत पाचर मारल्यासारखं बसलं होतं. आतून चिमणीचा आवाज आला, "बाबा, खिडकीची काच आपोआप तडकली."

"भिंतीपासून लांब हो," ते म्हणाले. बिजागऱ्यांच्या बाजूने पटाशी घालून त्यांनी दार फोडलंच. मुलगी बाहेर आली तशी तिला हाताला धरून जिन्याकडे ढकलली.

हेडमास्तर मोडक्या दाराकडे पाहत होते. "अहो, नीट काढायचं होतं. आता दुसरी फळी लावून, जरा रंधा मारून–"

"नाही मारणार."

"काय?"

"रंधा नाही मारणार मास्तर. आजवर एकोणीस दारांना मारला. ही इमारत सारखी सांगत होती आणि मी तिचं तोंड दाबत होतो. हात जोडतो, माणसं खाली उतरवा. आत्ताच्या आत्ता."

"तुम्ही माझ्या घरात मला हुकूम सोडणार?"

"हो," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण खाली येत नव्हता. "सोडणार. आणि तुम्ही उतरवणार नसाल, तर मी उतरवतो."

ते जिन्यात गेले आणि हातोडीने लोखंडी कठडा बडवू लागले. "खाली उतरा! इमारत बसतेय! खाली उतरा!" दारं किलकिली झाली. कुणी विचारलं, आग लागली का. कुणी म्हणालं, सेक्रेटरींचे व्याही ना हे, सकाळीच घेतली काय. एका गृहस्थाने सांगितलं की रीतसर नोटीस आल्याशिवाय आपण हलणार नाही. पण शिवणबाईंनी शिलाईमशीनकडे एकदा पाहिलं, ते तसंच सोडलं आणि शेजारच्या दोन्ही घरांची दारं बडवत त्या उतरल्या. त्यांना पाहून आणखी काही उतरले.

हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला होता. "मी इंजिनीअरलाच घेऊन येतो," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर बोला काय ते." आणि बायकोला बजावून गेले, "मी येईपर्यंत घर सोडू नकोस. सेक्रेटरीच्या घरचेच पळाले, असं व्हायला नको."

चिमणीने सासूला दंडाला धरून पाचव्या मजल्यापर्यंत आणलंच होतं. तिथे सासूचा फोन वाजला. विहीणबाईंनी ऐकलं, "हो, हो" म्हटलं आणि त्या थांबल्या.

"आई, चला ना!"

"अगं, ते निघालेत इंजिनीअरांना घेऊन. पाच मिनिटांचा प्रश्न. आल्यावर घराला कुलूप पाहिलं तर..." त्यांनी सुनेच्या गालाला हात लावला. "मला आजवर त्यांचा शब्द मोडता आला नाही गं. तू दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना बघ. ते अंथरुणातून उठत नाहीत, त्यांना कोण उचलणार? तू जा. मी आलेच."

आणि त्या कठड्याला धरून, एकेक पायरी, पुन्हा वर निघाल्या.

चिमणी क्षणभर मधोमध उभी राहिली. मग खाली धावली. बाप-लेकीने मिळून त्या आजोबांना सतरंजीत घालून उचललं, जिना उतरले, रस्ता ओलांडला. समोरच्या फुटपाथवर त्यांना टेकवून चिमणी वळली, पुन्हा आत जायला. मिस्त्रींनी तिला कमरेला मिठी मारून धरलं. तिने त्यांच्या हाताला चावा घेतला, तरी सोडलं नाही.

दुपारचा पाऊण वाजला होता. आधी दुकानातले आरसे एकामागून एक फुटले. मग ती बाजू जागच्या जागी खाली गेली. कलंडली नाही, झुकली नाही. दमलेला माणूस मटकन बसतो तशी बसली. तिने जाताना मधला जिना ओढला आणि जिन्याने पलीकडच्या बाजूचं तोंड फाडलं. मग पांढरा अंधार झाला. धूळ खाली आली तेव्हा उरलेल्या अर्ध्या भागात घरं उघडी पडली होती, कपाटाच्या कप्प्यांसारखी. सहाव्या मजल्यावर कुणाच्या तरी दोरीवर कपडे अजून हलत होते. सातव्यावर त्या बाजूला काहीच नव्हतं.

सव्वीस माणसं गेली. बूटवाला जेवायला घरी गेला होता, तो वाचला. दुकानातला नोकर आणि चार गिऱ्हाइकं गेली. दहा मिनिटांनी एक मोटार गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. हेडमास्तर उतरले आणि धुळीत चालत सुटले. इंजिनीअर गाडीतून उतरलाच नाही. त्याने काच वर केली.

*

विहीणबाई तिसऱ्या दिवशी सापडल्या. मिस्त्री तिन्ही दिवस ढिगाऱ्यावर होते. वाकलेल्या चौकटी आणि फळ्या कापायला सुतार लागतच होते. आपण रंधलेली दारं त्यांना कडेवरून ओळखू येत होती. प्रत्येक वेळी ते हात थांबवत, मग करवत चालवत.

त्या संध्याकाळी चिमणी बापाच्या घरी आली. बसली नाही.

"बाबा, शिवणबाई सांगत होत्या. तुम्ही दोन महिन्यांपूर्वी चौकट मापली होती."

"हो."

"तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि मी रोज तिथे झोपत होते."

मिस्त्रींनी तिच्यापुढे पाट सरकवला.

"मला वाचवलंत, सगळे सांगतात," ती म्हणाली. "पण बाबा, आईंना मी जिन्यात सोडून आले. मला दोन महिने आधी कळलं असतं, तर मी त्यांना पाठुंगळी घेऊन खाली आणलं असतं. त्यांच्याकडे काय, शब्द पाळण्याशिवाय दुसरं काही नव्हतं हो आयुष्यात."

ती गेली. पुढचे चार महिने तिने बापाच्या घरात पाऊल टाकलं नाही. नवऱ्याबरोबर इस्पितळाजवळ एका खोलीत राहू लागली. तिचा नवरा आपल्या वडिलांशी बोलत नव्हता. हेडमास्तर बहिणीकडे राहायला गेले होते आणि कुणाशीच बोलत नव्हते.

चौकशी बसली ती एका शाळेच्या सभागृहात. बाकांवर वाचलेली माणसं, गेलेल्यांची माणसं, वकील, वार्ताहर. चौकशीच्या प्रमुख एक इंजिनीअरबाई होत्या. पन्नाशीच्या, पायात साधे कॅनव्हासचे बूट, हातांना खडूची धूळ. मिस्त्रींच्या जबाबात आणखी दोन पडलेल्या इमारतींचा उल्लेख होता, म्हणून त्यांनी त्या दोन्हींची जुनी दप्तरं मागवली होती.

साक्षीच्या आधी बिऱ्हाडकरूंच्या वकिलाने मिस्त्रींना बाजूला घेतलं. "खांबाचं सांगा, आरशांचं सांगा. तुम्ही दारं रंधल्याचं मात्र काढू नका. बूटवाल्याचा वकील टपून बसलाय. सगळं तुमच्यावर ढकलेल."

मिस्त्री बायकोकडे बघू लागले. ती म्हणाली, "ढकलू दे. निदान या खेपेला तरी अर्धवट बोलू नका."

इंजिनीअरबाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले होते. "तिन्ही इमारती तुम्ही पाहिल्यात," त्या म्हणाल्या. "कशा पडल्या ते तुमच्या शब्दांत सांगा. कारणं मी सांगते, चुकलं तर थांबवा."

मिस्त्री सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. पहिली बांधकामातच पडली. कच्च्या स्लॅबचे टेकू काढले. सगळे स्लॅब एकावर एक, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. दुसरी चांगली उभी होती, दोष तिच्यात नव्हताच. शेजारच्या खड्ड्याने पाया उघडा पडला आणि ती अखंडच्या अखंड कुशीवर गेली. तिसरीचा एक खांब तासला. तो चेपत गेला, तसतशी वरची प्रत्येक खोली वाकडी होत गेली. आठवडेच्या आठवडे ती सांगत होती, आणि शेवटी त्या एका बाजूने बाकीचं ओढून नेलं.

"म्हणजे तिघींचं कारण वेगळं, पडण्याची तऱ्हा वेगळी," बाई म्हणाल्या. "सावध व्हायला एकीने काही क्षण दिले, एकीने महिना, एकीने–"

"हिने किती दिलं ते मला ठाऊक नाही," मिस्त्री म्हणाले. "मी मापलं त्याच्या आधीपासून देत असेल. मी मापल्यावर सात आठवडे आणि वर थोडे दिवस. तेवढ्या वेळात मी एकोणीस दारं रंधली. अडकलेलं दार पाहून कुणीतरी विचारलं असतं, हे का अडकतंय. मी ती सोय ठेवली नाही."

बूटवाल्याचा वकील ताडकन उठला. "साक्षीदार स्वतःच कबूल करतोय–"

"मी ऐकते आहे," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

मग त्या टेबलाकडे वळल्या. त्यांनी आधीची दप्तरं चाळली. पहिलीत एका मुकादमाने खिळा ठोकून पाहिल्याचं एका मजुराने सांगितलेलं होतं. अहवालात त्याला एक ओळही मिळाली नव्हती. दुसरीत माळ्याचा जबाब होता, मागे टाचणीने लावलेला. बाईंनी खडू उचलला, फळ्यावर उजव्या अंगाला आणखी एक रकाना ओढला आणि वर लिहिलं: 'आधी कुणाला कळलं होतं?' पहिलीपुढे त्यांनी लिहिलं, मुकादम. दुसरीपुढे, माळी.

"तिसरीपुढे माझं लिहा," मिस्त्री म्हणाले. "सुतार."

बाई लिहीत असतानाच सभागृहाच्या मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. हेडमास्तर चार महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात अडकलं होतं; ते लावून देणारं आता कुणी नव्हतं.

"त्यांच्या वर माझं लिहा," ते म्हणाले. "त्यांनी मला येऊन सांगितलं होतं. उभे राहून सांगितलं. मी त्यांना... मी व्याह्यांना सांगितलं की तुम्ही दारं करता." त्यांनी पुढच्या बाकाची कड धरली. मग एवढंच म्हणाले, "माझ्या बायकोला मीच वर पाठवलं."

तिसऱ्या बाकावरून चिमणी उठली. बापाकडे गेली नाही. सासऱ्यांकडे गेली, त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसली. तिथून तिने मिस्त्रींकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्या पाहण्यात क्षमा होती असं म्हणता येणार नाही. पण मिस्त्री सरळ उभे राहिले.

मग शिवणबाई उठल्या. "माझ्या दाराला तीनदा रंधा मारून घेतला," त्या म्हणाल्या. "मी थट्टा केली, चहा दिला. का अडकतंय, ते एकदाही विचारलं नाही. लिहा."

बाईंनी लिहिलं. रकाना अरुंद आखला होता. अक्षरं बारीक करावी लागली. बूटवाला आपल्या वकिलाशेजारी गुडघ्यांकडे पाहत बसला होता. ज्या गृहस्थांनी रीतसर नोटीस मागितली होती, त्यांचा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता. आणखी वीस-पंचवीस बिऱ्हाडांची माणसं होती, ज्यांच्या घरात त्या सात आठवड्यांत कुणीतरी दाराला खांदा लावला होता. आणि मागे, उभी, नुसती ऐकायला आलेली गल्लीतल्या इतर इमारतींमधली माणसं होती. त्यांच्या कपाटांतही सही-शिक्क्याचे कागद होते.

"आणखी कुणी?" इंजिनीअरबाईंनी विचारलं.

त्या हातातला खडू खाली न ठेवता थांबल्या.